मखमलीवरची चिल्लर

रविवार, २६ ऑक्टोबर १९८६. दिवाळी त्याच आठवड्यात होती. सकाळचा चहा झाल्या झाल्या मी भिंतीवरचा बोर्ड उतरवून सेटीवर ठेवला आणि छोटी कात्री घेऊन त्याच्यावरची नाणी उसवायला बसले. चिंच सासूबाईंनी भिजवून ठेवलीच होती.

आमच्या घरात दिवाळीआधी जे जे धातूचं असेल ते चिंचेने घासून निघायचं. समई, ताम्हन, तांब्या, देवातली घंटा, दाराची पितळी कडी. सगळ्यात शेवटी ही नाणी, वर्षभर धूळ खाल्लेली आणि काळवंडलेली. पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं, "आई, शोभेची आहेत ती. फडक्याने पुसली तरी चालतील." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "लक्ष्मी ती लक्ष्मी. खंयची असांदे. काळ्या तोंडाची लक्ष्मी पाटार मांडतलंस?" मग काय बोलणार! तेव्हापासून नाणी उसवायची, धुवायची, लक्ष्मीपूजनाला घरातल्या चांदीच्या रुपयाशेजारी पाटावर मांडायची, त्यांना हळदकुंकू वाहायचं आणि भाऊबीज झाली की पुन्हा बोर्डावर शिवायची. ही नाणी पाडणाऱ्या दुबईच्या सरकारला याची काही कल्पना नव्हती.

नाणी दुबईची, कारण माझे मिस्टर दुबईला होते. आधी ते परळला गिरणीत फिटर होते. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. वर्षभर वाट पाहिली आणि त्र्याऐंशी साली ते तिकडे गेले. मोठ्या इमारतींना गार हवा पुरवणारे एसी प्लांट असतात, त्यांची दुरुस्ती त्यांच्याकडे होती. मी मुलुंडला आग्रा रोडवरच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात, खोकी पेट्यांत, पेट्या गाडीवर. कारखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचं घर होतं, एक हॉल आणि स्वयंपाकघर. घरात मी, सासूबाई आणि आठवीतली मुलगी. हे वर्षातून महिनाभर यायचे.

बोर्ड मी केला तो कलेच्या हौसेने नाही. हॉलच्या भिंतीमागे मोरी होती आणि भिंतीला ओल यायची. रंग लावला की महिनाभरात तिथे पुन्हा ढगासारखा डाग. सेटी करणाऱ्या सुताराने प्लायवूडचा एक मोठा तुकडा मागे ठेवला होता, तो त्या डागावर बरोबर बसत होता. पण नुसतं प्लायवूड भिंतीला टांगलं तर घराची वखार दिसते. म्हणून त्यावर काळी मखमल ताणून बसवली.

मग त्या मखमलीवर काय करायचं, हा प्रश्न. त्या काळात आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्याच बायका काही ना काही करत होत्या. कुणी दोऱ्याच्या गाठींचे झुले विणत होतं, कुणी सुपाऱ्यांचे गणपती, कुणी काड्यापेटीच्या काड्यांची देवळं. दुपारी दार उघडं दिसलं की आत डिंकाचा वास आलाच म्हणून समजा. मला देवळं चिकटवत बसायला वेळ नव्हता.

चौऱ्याऐंशी साली हे पहिल्या सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी पँटचे खिसे टेबलावर रिकामे केले. "बघ, मूठभर मोड राहिली. बँकवाले नोटा घेतात, ही इथे कोण घेणार?" म्हणाले.

मी ती मोड उलटून पालटून पाहिली. दिरहमवर चोचीची सुरई, कॉफीची. पन्नास फिल्सवर, म्हणजे तिथल्या पैशांवर, तेलविहिरींचे मनोरे. पंचवीसवर हरीण. दहावर शिडाचं गलबत आणि पाचवर मासा. राजाचं तोंड कशावरच नाही. चित्रं इतकी सुबक की टाकवेनात. मी जरीच्या दोऱ्याने एकेका नाण्याभोवती क्रोशाने कडं विणलं, नाणं त्यात बसवून मागून दोरा ओढून घेतला आणि कडं मखमलीवर शिवलं. काळ्यावर सोनेरी कडी, आत नाणी. चांगलं दिसलं. डागही झाकला गेला.

पहिल्या सुट्टीतली सगळी नाणी मिळून वरचा एक कोपरा तेवढा भरला. ह्यांनी पाहिलं आणि हसले. "एवढा मोठा बोर्ड? अगं, हा भरेपर्यंत मी कायमचा परत आलेलो असेन."

सासूबाई भिंतीला टेकून वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली. "भरलो काय येतलंस मा?"

"हो आये, भरला की आलो."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय, नक्कीच."

गमतीत बोललेलं होतं ते. पण सासूबाई तसल्या गोष्टी गमतीत घेत नसत. आणि खरं सांगायचं तर मीही घेतली नाही.

त्यांच्याशिवाय करमत नाही असं मी कधी कुणाला म्हटलं नाही. म्हणायला वेळही नव्हता. फ्यूज मी बसवत होते, गॅसचा नंबर मी लावत होते, मुलीच्या शाळेत मी जात होते. शेजारीण म्हणायची, "तुझं बरंय गं, नवरा दुबईला, आमचे बघ चोवीस तास डोक्यावर." मी म्हणायचे, "दे मग बदली." ती हसायची. मी पण हसायचे.

खरी अडचण वेगळीच होती. घरात भांडायला कोणी उरलं नव्हतं. मी आणि सासूबाई सगळ्या बाबतीत एकमेकींना हो म्हणायला लागलो होतो, हे काही निरोगी लक्षण नाही. ह्यांना आमटीत गूळ चालत नाही आणि मला गुळाशिवाय आमटी आमटी वाटत नाही. लग्न झाल्यापासून यावर आमचं रोज काहीतरी व्हायचं. ते गेल्यावर मी आठवडाभर मनासारखा गूळ घातला. आठव्या दिवशी आमटी तोंडात घेतली आणि वाटलं, हिला चवच नाही. मग कधी गूळ घालायचे, कधी नाही. कुणी काही म्हणतच नव्हतं.

महिन्यातून एकदा ह्यांची कॅसेट यायची, गावाला निघालेल्या कुणाबरोबर तरी. आम्ही तिघी टू-इन-वनभोवती बसायचो. सासूबाईंसमोर काय बोलणार, म्हणून ते मुलीचे मार्क विचारायचे आणि आईचे गुडघे विचारायचे. मला म्हणायचे, "तू बरी आहेस ना?" आणि मग कॅसेटवर थोडा वेळ नुसती खरखर. त्या खरखरीत ते काही म्हणायचं की नाही ते ठरवत असणार. मग म्हणायचे, "बरं, ठेवतो." टेलिफोन नसून ठेवतो म्हणायचे.

उलटी कॅसेट आमच्याकडून जायची. इतर बायका सोन्याचं बिस्कीट आणा, मिक्सर आणा, साड्या आणा म्हणून सांगायच्या. मी सांगायचे, "मोड आणा. नोटा मोडून घेत जा." तिकडे त्यांच्या खोलीत राहणारे लोक हे ऐकून हसायचे म्हणे. आपल्या माणसाची बायको चिल्लर मागते! मोड यायचीही, पावडरच्या रिकाम्या डब्यातून, कुणाच्या तरी बॅगेतून. कधी जास्त, कधी अगदीच थोडी.

आणि संध्याकाळी पाळीवरून आले की मी चहा घेऊन सुई-दोरा काढून बसायचे.

कधीपासून मी कडी मोठी विणायला लागले ते मला सांगता येणार नाही. पहिल्या कोपऱ्यातल्या कड्यांना जरीची एकच ओळ होती. नंतर मी दोन ओळी घातल्या, त्या बऱ्या दिसल्या. मग बाहेरून पाकळ्या. मग पाकळ्यांना पाकळ्या. पंच्याऐंशीची सुट्टी झाली तेव्हा मधल्या रांगांतली नाणी फुलांच्या मधोमध बसली होती. शहाऐंशीच्या पावसाळ्यात तर मी बशीएवढी फुलं विणत होते आणि त्यात पाच फिल्सचा एवढासा मासा बसवत होते. दोन फुलांत अंतरही सोडत होते. मैत्रिणी विचारायच्या, तर सांगायचे, "डिझाइन आहे. दाटी केली की उठून दिसत नाही." तेही खोटं नव्हतं.

सासूबाई एकदा बोर्डासमोर उभ्या राहिल्या, बोट ठेवून म्हणाल्या, "ह्या दोघांमदी आणखी एक बसात." मी सुई ओवत होते, ओवतच राहिले. मग म्हणाल्या, "पण नको. असाच बरा दिसता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या ट्रंकेतून एक पुरचुंडी काढली. आत जुने भोकाचे पैसे होते, इंग्रजांच्या वेळचे, आणि कमळाची पितळी वीस पैशांची काही नाणी. "ही पण लाव. बरी दिसतली."

"आई, बोर्डावर त्यांनी आणलेलीच लावायची ना?"

"खंय लिवलेला आसा तसा?"

लिहिलेलं कुठेच नव्हतं. मी लावली. भोकाच्या पैशाला तर मी दुहेरी पाकळ्या केल्या. यंदाची दिवाळी तोंडावर आली तेव्हा बोर्ड भरला होता. चारही कडांपर्यंत, खालच्या पट्टीपर्यंत भरला होता. गुरुवारी हे सुट्टीवर आले, बॅगा ठेवल्या, पाणी प्यायले आणि बोर्डाकडे बघून म्हणाले, "अरे वा, झकास." एवढंच. मी वाट बघत होते पुढे काही म्हणतील म्हणून. ते मुलीने दाखवलेली चित्रकलेची वही बघायला लागले. शुक्रवार गेला, शनिवार गेला. मी विचारलं नाही. मोठ्या माणसाला, भरला हो बोर्ड, असं लहान मुलासारखं कसं सांगायचं?

तर त्या रविवारी मी कडी उसवत होते आणि सासूबाई गॅलरीत पाट टाकून नाणी घासत होत्या. पाचची आणि दहाची नाणी तांब्याच्या जातीची, ती चिंच लागताच गुलाबी व्हायची. पांढऱ्या दिरहमला चिंचेचं काहीच वाटत नसे. मुलगी खाली जमिनीवर पसरून आकाशकंदील करत होती. कारखान्यात गोळ्यांच्या पट्ट्यांचा चंदेरी कागद वाया जातो, तो मी विचारून आणायचे. ती त्याचा तुकडा नाण्यावर ठेवायची, चमच्याच्या पाठीने दाबून घासायची आणि कागदावर हरीण उमटायचं, गलबत उमटायचं. ते कापून ती कंदिलाच्या पाकळ्यांवर लावणार होती.

"आजी, मासा दे ना, मासा हवाय मला."

सासूबाईंनी धुतलेला मासा डोळ्यांजवळ नेला. "ह्यो गोबरो. डोळो बघ केवढो."

"एवढ्याशा नाण्यावर तुला गोबरा कळतो?"

"माका नाय कळतलो तर काय तुका कळतलो? मुलुंडात जलामलेला पोर तू." आणि मला हाक मारून, "गो, पूजेत मासो पालथो घाल हां. लक्ष्मीच्या पाटार मासो चलाचो नाय." गेल्या दोन्ही वर्षी मी मासे पालथेच घातले होते. आकड्याची बाजू वर.

ह्यांनी खरे मासे आणायला म्हणून पिशवी नेली होती. सुरमई घेऊन आले, ती माझ्याकडे दिली, हात धुतले आणि हॉलमध्ये गेले. मी स्वयंपाकघरात मासे साफ करायला बसले. तिथून दाराच्या चौकटीतून सेटी दिसत होती.

"सगळा रिकामा केलास की बोर्ड," ते म्हणाले.

"आम्ही दर वर्षी करतो. तुम्ही असता कुठे?" मी आतून म्हटलं.

"मग यंदा मी मांडतो. शिवायचं तू शिव, मी मांडून देतो. लाइनीत."

त्यांनी मुलीची फूटपट्टी घेतली. चष्मा लावला. धुतलेली नाणी फडक्यावर वाळत होती, ती जवळ ओढली आणि आधी वेगळी केली. दिरहम दिरहमांत, हरणं हरणांत. भोकाचा पैसा हातात आला तेव्हा त्यांनी तो उजेडात धरला. "हा कुठला? हा काही मी आणलेला नाही." तो बाजूला ठेवला. कमळाची वीस पैशांची बाजूला ठेवली. सासूबाई गॅलरीतून बघत होत्या. घासायचं थांबवलं त्यांनी.

मग हे मांडायला लागले. कड्यांशिवाय, नुसती नाणी. फिटरचा हात. पहिली रांग पट्टीला लावून कडेला कड. दुसऱ्या रांगेतलं नाणं वरच्या दोन नाण्यांच्या खाचेत. बोटाने ढकलून घट्ट. मुलगी एकेक नाणं देत होती.

"बाबा, इतकी जवळ?"

"गॅप ठेवायची नसते. गॅप राहिली की फिटिंग ढिलं."

मला ओरडून सांगावंसं वाटलं की थांबा. पण काय सांगणार? सुरमईचे तुकडे करत राहिले. हात धुवून, पदर खोचून दारात आले तेव्हा त्यांचं मांडून झालं होतं. नाणी संपली होती. वरच्या बाजूला एक लख्ख पट्टा होता आणि खाली नुसती काळी मखमल, भिंतीइतकी मोठी वाटणारी.

मुलगी म्हणाली, "आई गं! बाबा, हा तर अर्धा पण भरला नाही!"

हे बोर्डाकडे बघत होते. मग त्यांनी सेटीच्या कोपऱ्यात मी काढून ठेवलेल्या कड्यांचा ढीग जवळ घेतला. एक उचललं, मग दुसरं. त्यांनी ती मांडीवर ओळीने लावायला सुरुवात केली, लहान आधी, मोठं नंतर. पहिल्या वर्षीची एका ओळीची. मग दोन ओळींची. मग पाकळ्यांची. शेवटी बशीएवढी. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं कुठलं कधीचं ते.

"हे वॉशर," ते हळू म्हणाले, "दर वर्षी मोठे होत गेलेत."

सासूबाई हात पुसत आत आल्या. "तिने काय केल्यान ता बघलंस मा? आता तू काय करतलंस ता सांग."

"आये..."

"आये नको आणि काय नको. सांग."

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "सही करून आलोय. आणखी दोन वर्षांची. आल्या दिवसापासून सांगणार होतो."

मी म्हटलं, "मासे तळायला टाकते. पानं घ्या."

मासे तळायचे होतेच. जेवताना मुलीने दोनदा सुरमई मागितली. ह्यांनी आमटी वाढून घेतली, एक घास खाल्ला आणि थांबले. मी त्यांच्याकडे बघत होते. म्हणा, म्हणा की गूळ आहे. त्यांनी म्हटलं नाही, मुकाट्याने जेवले. तेव्हा मात्र मला रडू येईलसं वाटलं. मी उठून ताक आणायला गेले.

दुपारी सासूबाई आणि मुलगी झोपल्या. मी गॅलरीत चिंचेचा चोथा आवरत होते. हे येऊन कठड्याला टेकून उभे राहिले. समोर टेकडी, खाली दुसऱ्या विंगमधली पोरं लवंग्या वाजवत होती.

"रागावलीस?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. सही मोडता येते का, तेवढं सांगा."

"मोडता येते. सुट्टीवर आलेला माणूस परत गेला नाही तर ते काय विमान पाठवणार आहेत? पण करू काय इथे? गिरण्या काही उघडत नाहीत आता. माझ्या वयाच्या माणसाला कोण घेणार?"

"कुणाला विचारलंत?"

"म्हणजे?"

"गेल्या सुट्टीत महिनाभर होतात. त्याच्या आधल्या सुट्टीत महिनाभर. कुणाला विचारलंत, की बाबा फिटर पाहिजे का? नाव सांगा एकाचं."

ते खाली पोरांकडे बघायला लागले. एक लवंगी फुसकी निघाली, पोरांनी तिला शिव्या दिल्या.

"कुणालाच नाही," ते म्हणाले. "तिकडे माणसं मला साहेब म्हणत नाहीत, पण मशीन अडलं की माझ्याकडे येतात. इथे येऊन दारोदार विचारायचं आणि ते नाही म्हणाले तर... सुट्टीचा तेवढा एक महिना असतो गं. तो तसा घालवायचा?"

हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, त्यांना तिकडे बरं वाटतं. त्यांना वाटत होतं, मला इथे सगळं जमतं. फ्यूज बसवणाऱ्या बाईला आणखी काय हवं असणार?

"मला तुम्ही घरी हवे आहात," मी म्हटलं. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, असं वाक्य मी पहिल्यांदा बोलले. बोलल्यावर लगेच चोथ्याचं पातेलं उचललं. "कमी-जास्त काय व्हायचं ते होईल. आणि आमटीत गूळ होता. कळलं नाही का?"

"कळलं ना."

"मग बोलला का नाहीत?"

"कुठल्या तोंडाने बोलू?"

"त्याच तोंडाने," मी म्हटलं आणि आत आले.

संध्याकाळी मुलीने कंदील टांगला. चंदेरी हरणं आणि गलबतं आतल्या दिव्याने उजळली आणि खालची पोरं वर बघून ओरडली, "ए, झकास!" ह्यांनी वायर तपासली, बल्ब घट्ट केला. बोर्डाचा विषय कुणी काढला नाही. सासूबाईंनी नाणी ताम्हनात काढून देवाजवळ ठेवली.

दुसऱ्या दिवशी सोमवार, माझी पहिली पाळी. मी नेहमीपेक्षा लवकर निघाले. पॅकिंगला न जाता आधी मागच्या बाजूला गेले, जिथे आमच्या कारखान्याचा बॉयलर आणि एसी प्लांट होता. तिथे पॅकिंगच्या बायका कधी जात नाहीत. वॉचमन म्हणाला, "बाई, चुकलात का?" मी म्हटलं, "नाही." मेंटेनन्सचे साहेब स्कूटर लावत होते. त्यांच्याशी मी एवढ्या वर्षांत एक शब्द बोलले नव्हते. हेल्मेट काढून होईपर्यंत थांबले आणि विचारलं, "साहेब, तुमच्याकडे फिटर घेताय का?"

"कुणासाठी?"

"माझ्या मिस्टरांसाठी. गिरणीत होते, आता एसी प्लांट बघतात."

"कुठे?"

"दुबईला."

साहेब हसले. "दुबई सोडून इथे येणार ते?"

"सध्या घरी आहेत," मी म्हटलं. "उद्या सकाळी किती वाजता पाठवू?"